सहावी विभक्ती

व्याकरण हा काही जिव्हाळ्याचा विषय नव्हे. शाळेत त्याची भीती वाटते, शाळा सुटली की त्याचा विसर पडतो, आणि पुढे आयुष्यभर आपण व्याकरणाची आठवणही न काढता सुखाने बोलत आणि भांडत राहतो. त्यामुळे या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे लॅटिन भाषेतील एका विभक्तीची कथा मांडताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. परंतु ती विभक्ती शिकण्यास आम्हांला एक आठवडा लागला आणि समजण्यास साठ वर्षे लागली. ज्या दिवशी ती समजली त्या दिवशी आमच्या घरातील एक जुनी गाठ सुटली. एवढ्यासाठी वाचकांनी थोडा वेळ व्याकरण सोसावे, अशी विनंती आहे.

आमचा जन्म वसईच्या बागायती पट्ट्यातला. घरी केळीची आणि पानवेलींची वाडी, वाडीच्या मध्यावर विहीर, आणि पाच मिनिटांच्या चालीवर चर्च. 1958 साली, वयाच्या आठव्या वर्षी, आम्ही वेदीसेवक झालो. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होई. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे राहत आणि भाविकांच्या वतीने उत्तरे देण्याचे काम आम्हां पोरांकडे असे. चर्चच्या मेस्त्रींनी ती उत्तरे आमच्याकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली होती. त्यांचा अर्थ मेस्त्रींना कितपत ठाऊक होता हे सांगता येत नाही. आम्हांला तर मुळीच नव्हता. पण चूक मात्र कधी होत नसे. पहाटेच्या गारव्यात, मेणबत्त्यांच्या उजेडात, ती अनोळखी अक्षरे आमच्या तोंडून विहिरीच्या पाण्यासारखी झुळझुळ वाहत.

मिस्साच्या आरंभी पापांगीकाराची प्रार्थना येई. वेदीच्या पायरीशी गुडघे टेकून, पार कमरेतून वाकून आम्ही ती म्हणत असू, आणि ‘मेआ कुल्पा’ हे शब्द आले की मुठीने छातीवर तीन वेळा ठोकत असू. कोणाच्या छातीचा आवाज अधिक मोठा येतो यावर आम्हां पोरांत पैज लागे. सारे गाव मागे गुडघ्यांवर असायचे; आमची आई जपमाळ ओढीत असायची; आणि पुढे आठ-नऊ वर्षांची दोन पोरे अवघ्या गावाच्या वतीने, एकही शब्द न समजता, पापांची कबुली देत असायची. आज ते आठवले म्हणजे हसूही येते आणि अंगावर काटाही उभा राहतो.

1965 साली आम्ही मुंबईच्या एका लहान सेमिनरीत दाखल झालो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या डिसेंबरात उपासनेसाठी लोकभाषांना दार उघडून दिले होते आणि गावोगावच्या चर्चमध्ये मराठी हळूहळू वेदीपाशी येऊ लागली होती. तरी सेमिनरीत लॅटिनचा तास अजून कडकपणे चाले. आमचे लॅटिनचे फादर वयोवृद्ध होते, दम्याने बेजार होते आणि विनोदी होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर ‘रोसा’, म्हणजे गुलाब, हा शब्द लिहून त्याची सहा रूपे चालवून दाखवली. पहिली विभक्ती कर्त्याची, दुसरी संबंधाची, तिसरी दानाची, चौथी कर्माची, पाचवी हाक मारण्याची. आणि शेवटची, सहावी, तिचे नाव ‘अब्लातीवुस’. रोमन लोकांनी हे नाव ‘काढून नेलेले’ या अर्थाच्या शब्दावरून पाडले. एका वस्तूपासून दुसरी दूर नेली जाते तेव्हा जी विभक्ती लागते, ती ही. ग्रीक भाषेत ही वेगळी विभक्ती नव्हती, म्हणून जुन्या रोमन पंडितांनी हिला नुसते ‘सहावी’ असेही म्हटले आहे.

आम्ही हात वर करून विचारले, “फादर, पहिली रोसा, पाचवी रोसा आणि सहावीही रोसाच. मग ओळखायची कशी?”

“शेवटचा ‘आ’ लांब, ती सहावी,” फादर म्हणाले. “पुस्तकात त्याच्या डोक्यावर आडवी रेघ असते. मिस्साच्या पुस्तकात ती रेघ नसते, आणि आपण चर्चमध्ये उच्चारही सारखाच करतो. तेव्हा ओळखायची ती वाक्यावरून. बाळांनो, शब्द एकटा असला म्हणजे त्याची विभक्ती कळत नाही. तो कोणाशी बांधला आहे ते पाहावे लागते.”

वर्ग गोंधळला. आणखी गोंधळ उडाला तो पुढच्या तासाला. जिला ‘काढून नेण्याची’ विभक्ती म्हणायचे, ती साधन दाखवतानाही वापरतात आणि स्थळ दाखवतानाही वापरतात, असे फादरांनी सांगितले. “हे कसे?” असे सर्वांच्या चेहऱ्यांवर उमटले. फादरांनी आमच्याकडे पाहून विचारले, “तू वाडीतला ना? घरी विहीर आहे?” आम्ही मान हलवली. त्यांनी फळ्यावर मराठीत तीन वाक्ये लिहिली.

विहिरीतून पाणी काढले.
दोराने पाणी काढले.
विहिरीत पाणी आहे.

“विहिरीतून, ही तुमची पंचमी. दोराने, ही तृतीया. विहिरीत, ही सप्तमी. मराठीला तीन विभक्त्या लागल्या. लॅटिनमध्ये पहा,” असे म्हणून त्यांनी खाली लिहिले: ए पुतेओ, फुने, इन पुतेओ. तिन्ही ठिकाणी अब्लातीवुस. “एकाच गड्याच्या अंगावर तीन गड्यांचे काम पडले आहे,” फादर म्हणाले, “आणि बिचारा तक्रार करीत नाही.”

हे असे का झाले, ते आम्हांला पुष्कळ पुढे वाचनातून कळले. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच प्राचीन मुळातून फुटल्या. त्या मूळ भाषेत करण, अपादान आणि अधिकरण यांसाठी वेगवेगळी रूपे होती. संस्कृतने ती जपून ठेवली. ‘रामेण, रामात्, रामे’ ही रूपे शाळेत पाठ केलेल्यांना ते माहीतच आहे. लॅटिनमध्ये शब्दांचे शेवट झिजत गेले, रूपे एकमेकांत मिसळली आणि तिघांचा संसार एका घरात आला. अतिशय जुन्या लॅटिन कोरीव लेखांत या विभक्तीच्या शेवटी ‘द्’ हा वर्ण आढळतो. तो ‘रामात्’ मधल्या ‘त्’ चा सख्खा भाऊ होय. पुढे तो गळून पडला. जुन्या सप्तमीचे काही अवशेष मात्र राहिले: ‘रोमे’ म्हणजे रोममध्ये, ‘दोमी’ म्हणजे घरी. मराठी कानाला हे परके वाटत नाही.

ही अडचण रोमन लोकांनाही जाणवली होती. पहिल्या शतकातील वक्तृत्वशास्त्राचे आचार्य क्विंतिलियन यांनी तसा प्रश्नच उपस्थित केला आहे. ‘भाल्याने मारले’ असे आपण म्हणतो तेव्हा भाल्यापासून काही दूर नेलेले नसते. मग ही सहावी विभक्ती कशी? आपल्या भाषेत एखादी सातवी तर दडलेली नाही ना? मातृभाषा बोलणाऱ्याच्या मनात असा प्रश्न यावा, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते.

अनेकवचनाची गंमत आणखी वेगळी. तेथे दानाची विभक्ती आणि अब्लातीवुस यांचे रूप नेहमी एकच असते आणि पुष्कळ शब्दांत ते ‘बुस’ या प्रत्ययाने संपते. ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. सर्वांना घेऊन जाणाऱ्या गाडीला फ्रान्समध्ये हे नाव मिळाले, पुढे मूळ शब्द गळून नुसता प्रत्यय उरला, आणि तोच आपली ‘बस’ झाला. संस्कृतातही अनेकवचनात चतुर्थी आणि पंचमी सारखीच, ‘रामेभ्यः’. हा ‘भ्यः’ आणि तो ‘बुस’ एकाच कुळातले. म्हणजे वसई स्थानकावरून बसमध्ये चढणारा माणूस एका प्राचीन विभक्तिप्रत्ययात बसून घरी जातो.

आपल्या समाजाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. संस्कृत आणि लॅटिन यांच्या नात्याचा विषय निघाला की सर विल्यम जोन्स यांच्या 1786 च्या कलकत्त्यातील भाषणाचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच्या दोन शतके आधी, 1579 साली गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ध्यानात हे साम्य आले होते. 1583 साली त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. या देशातील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, असे त्यांनी त्यात कळवले आहे. हेच फादर स्टीफन्स पुढे ‘क्रिस्तपुराण’ रचते झाले. हजारो मैलांवरच्या भावाला पत्र लिहिताना त्यांना भाषांचे भाऊपण सांगावेसे वाटले, हे वाचून आम्ही एकदा पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसलो होतो. त्याचे कारण पुढे येईल.

ही विभक्ती एकदा ओळखीची झाली म्हणजे आपल्या प्रार्थनांत ती जागोजागी भेटू लागते. आपण क्रुसाची खूण करतो तेव्हाचे ‘इन नोमिने’ अब्लातीवुसमध्ये आहे. लॅटिन तेथे ‘नावात’ असे अधिकरण धरते, आपण ‘नावाने’ म्हणून तृतीया वापरतो. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी येणारे ‘आ मालो’, म्हणजे वाइटापासून, ही खरीखुरी ‘दूर नेण्याची’ विभक्ती. धर्मगुरूंच्या अभिवादनाला आम्ही उत्तर देत असू त्यातील ‘कुम स्पिरितु’ ही सोबतीची. मरियेच्या लितानीतील ‘प्रो नोबिस’ म्हणजे आमच्यासाठी, तीही हीच. पत्रात जुने लोक ‘देओ वोलेन्ते’ लिहीत, म्हणजे ‘देवाची इच्छा असल्यास’. आणि प्रत्येक इसवी सनाबरोबर लिहिले जाणारे ‘आन्नो’ म्हणजे ‘वर्षी’, हीही काळ दाखवणारी अब्लातीवुसच. विश्वासांगीकारात पिलाताचे नाव येते तेही याच विभक्तीत: ‘सुब पोन्त्सिओ पिलातो’, पोंती पिलाताच्या अमदानीत. त्याने पाणी मागवून हात धुतले आणि कर्तेपण नाकारले. चर्चने त्याला कर्ता केले नाही, पण वाक्यातून सोडलेही नाही.

अशी ही विभक्ती आम्ही शिकलो. परीक्षेत चांगले गुण मिळाले. पुढे 1968 मध्ये, पाचारण आमचे नाही असे दिसून आल्यावर, आम्ही सेमिनरी सोडली, शिक्षक झालो, आणि उभा जन्म मुलांना मराठीचे व्याकरण शिकवण्यात घालवला.

आता घरची गोष्ट. आमचे थोरले बंधू आमच्याहून पाच वर्षांनी मोठे. वडिलांच्या आजारपणामुळे दादांची शाळा सातवीतच सुटली आणि वाडी त्यांच्या खांद्यावर आली. सेमिनरीत असताना दर महिन्याला आमच्या नावे येणारी मनीऑर्डर केळीच्या आणि पानांच्या पैशांतली असे. एका उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा दादांनी गड्यांच्या बरोबरीने तळाशी उतरून, कुदळीने कातळ फोडून ती खोल केली होती. वडील आम्हां दोघांनाही सांगत, “पुढेमागे वाटणी केलीत तर विहीर थोरल्याकडे राहू द्या.” हे बोलणे कागदावर कधी आले नाही.

1995 साली वडील वारले आणि 1996 मध्ये वाडीची मोजणी झाली. मोजणीदाराने साखळी धरून रेघ आखली आणि विहीर आमच्या बाजूला पडली. त्याने विचारले, “कोणाची काही हरकत?” दादांनी आमच्याकडे पाहिले. वडिलांचे शब्द आम्हां दोघांनाच ठाऊक होते आणि त्या क्षणी ते बोलून दाखवण्याचे काम आमचे होते, कारण फायदा आमचा होत होता. आम्ही पानवेलींकडे पाहत उभे राहिलो. दादा एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी सही केली आणि ते घरात निघून गेले. पुढे त्यांनी आपल्या हिश्श्यात बोअर मारून घेतली. तेव्हापासून बोलणे कामापुरते उरले, आणि आईच्या अंत्यविधीनंतर तेही संपले. मराठीत ‘विभक्त’ हा शब्द व्याकरणापेक्षा कुटुंबाच्या संदर्भात अधिक ऐकू येतो, आणि तो किती नेमका आहे हे आमच्या वाडीतील कुंपणाने आम्हांला दाखवून दिले.

लोक विचारीत, “विहीर तुमच्याकडे कशी?” आम्ही सांगत असू, “विहीर आमच्या वाट्याला आली.” जणू ती स्वतः चालत आली. “दादांशी बोलणे का नाही?” “गैरसमज झाला.” कुमसारासाठी गेलो की फादरांना सांगत असू, “भावाशी वितुष्ट आले आहे.” वाचकहो, आम्ही व्याकरणाचे शिक्षक. कर्ता कसा लपवावा हे आम्हांला इतरांपेक्षा चांगले साधत होते. विहीर आली, गैरसमज झाला, वितुष्ट आले. सगळ्या वाक्यांत कर्ता आहे, पण तो माणूस नाही.

2025 च्या एप्रिलमध्ये, पुनरुत्थान सणाच्या दुसऱ्या दिवशी, 21 तारखेला, पोप फ्रान्सिस यांचे देहावसान झाले. त्या आठवड्यात आमच्या घरी दूरदर्शन संच सारखा चालू असे. महाविद्यालयात संस्कृत घेतलेली आमची नात सुट्टीसाठी आली होती. तिने विचारले, “आजोबा, हे ‘सेदे वाकान्ते’ म्हणजे काय?”

आम्ही सांगितले, “आसन रिक्त असताना. एक पोप गेल्यानंतर दुसऱ्यांची निवड होईपर्यंतचा काळ. दोन्ही शब्द अब्लातीवुसमध्ये आहेत.”

“म्हणजे आमची सती सप्तमी!” ती आनंदाने म्हणाली. “सूर्ये अस्तं गते, म्हणजे सूर्य मावळला असता, तसंच ना?”

तसेच होते. संस्कृत जे सप्तमीने करते ते लॅटिन अब्लातीवुसने करते, आणि मराठी ‘असता’, ‘असताना’ लावून करते. आम्हांला शिक्षकी आनंद झाला. मग ती म्हणाली, “आणि ते ‘मेआ कुल्पा’? त्याचा अर्थ ‘माझी चूक’, म्हणजे ती प्रथमा, हो ना?”

आम्ही ‘हो’ म्हणणारच होतो. सगळे जग तसेच समजते. पण फादरांची ती डोक्यावरची आडवी रेघ आठवली आणि आम्ही म्हणालो, “नाही बाळ. तीही अब्लातीवुसच आहे. कारण दाखवणारी. माझ्या चुकीने.”

तिने क्षणभर विचार केला. “पण मग वाक्य पूर्ण कुठे झालं, आजोबा? ‘माझी चूक’ एवढं म्हणून थांबता येतं. ‘माझ्या चुकीने’ म्हणून थांबता येत नाही. माझ्या चुकीने काय झालं?”

तिचा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा होता. तिच्या मनात दुसरे काहीही नव्हते. आम्ही उत्तर दिले की क्रियापद प्रार्थनेत आधीच येऊन गेले आहे, ‘मी पाप केले’ असे. आणि ते कशाने केले हे सांगणारे शब्दही ओळीने अब्लातीवुसमध्येच आहेत: ‘कोजितात्सिओने’ म्हणजे विचाराने, ‘वेर्बो’ म्हणजे शब्दाने, ‘ओपेरे’ म्हणजे कृतीने. आणि 1970 च्या नव्या मिस्सा-ग्रंथात त्यांच्या जोडीला चौथा शब्द आला, ‘ओमिस्सिओने’, म्हणजे जे करायला हवे होते ते न करण्याने. हे शेवटचे सांगताना आमचा आवाज आम्हांलाच अनोळखी वाटला. न करण्याने. न बोलण्याने. पानवेलींकडे पाहत उभे राहण्याने.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आठव्या वर्षापासून आम्ही छातीवर मूठ मारीत आलो होतो आणि दर वेळी ते शब्द पहिल्या विभक्तीत म्हणत आलो होतो: माझी चूक. ती एक वस्तू होती. कपाटात ठेवल्यासारखी बाजूला ठेवता येत होती. सहाव्या विभक्तीत ती वस्तू राहत नाही. ती कारण होते आणि लगेच विचारते, माझ्यामुळे काय झाले, कोणाचे झाले? मग क्रियापद शोधावे लागते. आमच्या क्रियापदाचा पत्ता कुंपणापलीकडचा होता.

आणखी एक गोष्ट अंथरुणात पडल्यापडल्या लक्षात आली. ती इतकी वर्षे आम्ही वर्गात शिकवीत होतो. मराठीत ‘त्याने केले’, ‘तिने केले’, ‘शेजाऱ्याने केले’ असे म्हणताना प्रत्येकाच्या अंगावर ‘ने’ ची खूण लागते. आपल्या स्वतःवर मात्र ती लागत नाही. आपण नुसते ‘मी केले’ म्हणतो. जुन्या मराठीत त्या जागी ‘म्यां’ असे वेगळे रूप होते. ते मागे पडले. दुसऱ्याच्या कर्तेपणावर बोट ठेवणारा प्रत्यय उरला आणि स्वतःच्या कर्तेपणाची खूण पुसून गेली. भाषेचा यात काही दोष नाही. आम्ही त्या सोयीचा फायदा घेतला, एवढेच.

पोप फ्रान्सिस यांचा दफनविधी शनिवारी झाला. दुसऱ्या दिवशी दैवी करुणेचा रविवार होता. मिस्सा आटोपल्यावर आम्ही घरी न जाता दादांच्या अंगणात गेलो. दादांनी ऐंशीची मजल गाठली आहे. ते ओट्यावर बसून सुपारी कातरीत होते. आम्हांला पाहून त्यांचा अडकित्ता थांबला. वहिनी दारात आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

काय बोलायचे ते आम्ही वाटेत जुळवले होते. त्यातले काहीच तोंडी आले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, “दादा, मोजणीच्या दिवशी विहीर तुझी होती. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. माझ्या चुकीने तुझी विहीर गेली.”

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “आज हे कुठून आठवलं?”

आम्ही नातीची, लॅटिनची आणि त्या सहाव्या विभक्तीची सारी हकीकत सांगितली. सातवीत शाळा सुटलेल्या त्या माणसाने ती मन लावून ऐकली. शेवटी ते म्हणाले, “तुझ्या त्या शिक्षणासाठी मी दर महिन्याला केळी विकून पैसे पाठवले. फुकट नाही गेले म्हणायचे.” आणि वहिनींकडे वळून म्हणाले, “चहा टाक.”

चहा झाल्यावर आम्ही विहीर परत करण्याचा विषय काढला. दादा हसले. “आता ती घेऊन काय करू? पाणी मचूळ झालं ना तिचं? माझ्या बोअरचंही तेच.” ते खरे होते. ज्या पाण्यासाठी आम्ही एकोणतीस वर्षे अबोला धरला, ते पाणी आता दोन्ही बाजूंना पिण्याजोगे उरलेले नाही, आणि आमच्या दोघांच्याही दारात टँकर येतो. तरी त्याच आठवड्यात आम्ही कुंपणाची काटेरी तार विहिरीपाशी तेवढी काढून टाकली. संध्याकाळी दादा काठी टेकीत तेथवर येतात. कठड्यावर आम्ही दोघे बसतो. फार बोलणे होत नाही.

8 मे रोजी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली आणि रिक्त आसन भरले. ती बातमी आम्ही दादांच्या घरी बसून पाहिली.

आता एकच शेवटचे. जुन्या लेखकांच्या वळणाने आम्ही हा सारा लेख ‘आम्ही’ म्हणून लिहिला आहे. या शब्दात एक आडोसा आहे, हे आम्हांला कळते. पापांगीकाराची प्रार्थना मात्र तो आडोसा देत नाही. सारे चर्च ती एका सुरात म्हणते, शेजारी बायको असते, पलीकडे भाऊ असतो, पुढे नातवंडे असतात. तरी तिचे क्रियापद एकवचनी आहे आणि ‘मेआ’ हा शब्दही एकवचनी ‘मी’ चाच आहे. आठव्या वर्षी आम्ही ती गावाच्या वतीने म्हणत होतो. पंचाहत्तराव्या वर्षी ती स्वतःच्या वतीने म्हणायला शिकत आहोत. आता आमची मूठ छातीवर पूर्वीपेक्षा हळू पडते. दादांच्या मुठीचा आवाज मात्र शेजारून चांगला ऐकू येतो.